मांगरातली पिल्लं

आमच्या घरातलं मांजर देवाने वाचवलं, असं गावात कोणीही सांगेल. दुकानात विचारा, रिक्षास्टँडवर विचारा, देवळाच्या पायरीवर पेपर वाचत बसलेल्यांना विचारा. मला विचारलंत तर मी वेगळं सांगेन, म्हणून मला कोणी विचारत नाही. बरेच दिवस मी तोंड मिटून बसले, आता मात्र लिहितेच.

माझं माहेर मालवणच्या बाजारपेठेतलं. गावपळण हा शब्द लहानपणी कानावरून गेला होता, पण तिचा अनुभव आला तो लग्न होऊन या गावात आल्यावर. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावतात. देवाने हुकूम दिला की अख्खा गाव तीन दिवस नि तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या पोरापर्यंत, आणि गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. गावात चूल पेटत नाही, विहिरीत कळशी बुडत नाही. व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, माळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात. चौथ्या दिवशी मानकऱ्यांनी तेवढं देवळात जाऊन पुन्हा कौल लावायचा, तो उजवा मिळाला की घरी परतायचं.

मला ही प्रथा आवडते, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणणार, हिला देवधर्म नको आहे. एरवी एकमेकांच्या गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावरून, भांडणारी माणसं माळावर एका पंगतीला जेवतात. चाकरमानी मुंबईहून खास रजा काढून येतात. पोरं व्हाळात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडतात, बायका भर दुपारी फुगड्या घालतात. तीन दिवस कोणालाही घर झाडायचं नसतं. देवाला ही कल्पना सुचली असेल तर देव बायकांच्या बाजूचा असला पाहिजे, असं मी नवऱ्याला नेहमी म्हणते.

त्या वर्षी मार्गशीर्षात हुकूम झाला. निघायच्या सकाळी नेहमीची धावपळ होती. आमच्या शेजारीच माझ्या चुलत दिराचं घर. मध्ये फक्त गडगा. त्यांचा व्याप मोठा. हापूसची कलमं, भात, गाय, डझनावारी कोंबड्या. त्यांच्या परसात एक मांगर आहे, घरापासून वेगळी कोठी. त्यात आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पेंढा आणि भाताच्या गोणी असतात. दिरांची बायको, माझी धाकटी जाऊ, कोंबड्या मोजून डालीत भरत होती. एक तलंगा, कोवळा कोंबडा, पेरूच्या झाडावर चढून बसला होता, तर त्याच्यासाठी सगळं घर झाडाखाली. शेवटी काठीने हुसकून त्याला खाली आणला, डालीत टाकला, मगच गाडी हलली. हे मी गडग्याच्या या बाजूने पाहिलं आहे, म्हणून सांगते.

त्यांच्याकडे एक मांजरी होती. राखाडी, अंगाने बारीक, पण उंदरांची कर्दनकाळ. तीनेक आठवड्यांपूर्वी ती व्याली होती आणि आता पिल्लं मांगरातल्या पेंढ्यात होती. मला माहीत होतं, कारण आधी ती आमच्या लाकडांच्या ढिगात व्याली होती आणि नंतर एकेका पिल्लाला तोंडात धरून गडग्यावरून तिकडे घेऊन गेली होती. तीन पिल्लं होती. दोन आईसारखी राखाडी, एक पांढरं, कानाला काळा डाग.

पहिला दिवस खोप उभारण्यात आणि सामान लावण्यात गेला. आमची खोप माळाच्या एका टोकाला, त्यांची दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी आणायला निघाले तेव्हा त्यांच्या खोपीकडून मांजराचं ओरडणं ऐकू आलं. साधं ओरडणं नव्हे. घसा बसल्यासारखा आवाज, पण थांबत नव्हता. जाऊन बघते तर मांजरी खोपीच्या मेढीला सुंभाने बांधलेली. गावाच्या दिशेला धाव घ्यायची, सुंभ ताणला जायचा, गळ्याला हिसका बसायचा, पुन्हा धाव. पोटाखाली दूध साठून आचळं दगडासारखी झाली होती. चार पोरांची आई असलेली माझी जाऊ शेजारीच बसून नारळ खवत होती.

मी विचारलं, "पिल्लां खंय गो हिची?"

"मांगरात आसत," ती म्हणाली. खवणीवरचा हात थांबला नाही.

"मांगराक कुलूप घातलंस?"

"घातलां तर. आत भात आसा. उघडां टाकून येव काय?"

"आणि पिल्लां?"

तेव्हा तिने वर पाहिलं. माझ्यावर उपकार केल्यासारखी हसली. "काय वयनी तुमी पण. मांजराची पिल्लां कोण मोजता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तलंगा मोजला होता. मांजरीलासुद्धा मोजलं होतं, कारण ती हरवली तर उंदीर कोण मारणार? पोतं टाकून तिला पकडली आणि पिल्लांपासून ओढून काढली. पिल्लं उंदीर मारत नाहीत, अंडी घालत नाहीत, दूध देत नाहीत. तर त्यांच्यावर दार ओढून घेतलं. आमच्याकडे मांजराचं पिल्लू मारायला कोणाचा हात धजत नाही, पाप लागतं म्हणतात. पण इथे मारायचं कोणाला होतं? तीन दिवस गावात कोणी जायचं नाही हा देवाचा हुकूम. दार उघडायचं चौथ्या दिवशी. जे काय होईल ते आपोआप होईल आणि देवाच्या माथ्यावर जाईल. किती साळसूद सोय. ती विसरली असती तर मी एवढी चिडले नसते. माणूस घाईत विसरतं. पण ती विसरली नव्हती.

मी तिच्याकडे किल्ली मागितली. ती म्हणाली, किल्ली ह्यांच्याकडे. "हे" म्हणजे माझे दीर पत्ते खेळत होते. त्यांनी पानावरून नजर न काढता सांगितलं की आता गावात पाय टाकता येत नाही, किल्लीचं काय करणार. म्हणून मी मानकऱ्यांकडे गेले. देवाच्या कामाचा पिढीजात मान त्यांच्या घराण्याकडे आहे. वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणते. माणूस वाईट नाही. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात रात्री-अपरात्री धावून आलेला माणूस आहे.

त्यांच्या खोपीसमोर गर्दी होती. कुठल्याशा वाहिनीचा पत्रकार आला होता. काका प्लास्टिकच्या खुर्चीत, फेटा बांधून, हातात माईक. कॅमेऱ्यासमोर त्यांची भाषा एकदम शाळेतली झाली होती. "या तीन दिवसांत आमच्या गावात एकही जीव राहत नाही," ते सांगत होते. "माणसं बाहेर, गुरंढोरं बाहेर, कोंबडी, कुत्रा, मांजर, सगळे बाहेर. भूमीला विश्रांती मिळते. निसर्गाचा समतोल राखला जातो."

मी गर्दीतून पुढे झाले आणि म्हटलं, "काका, मांगरात मांजराची तीन पिल्लां आसत. कुलूप लावून ठेवलीहत."

पत्रकाराने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि कॅमेरावाल्याला हाताने खूण केली. कॅमेरा बंद. एवढ्या वर्षांत त्या माळावर खरी बातमी पहिल्यांदाच चालून आली होती, आणि त्याने ती बंद केली.

काका आता आमच्या भाषेत आले. "गो, आता आत कोणाक जावक गावाचा नाय. चवथ्या दिसाक कौल घेतलो की मग बघूया."

"चवथ्या दिसाक काय बघतलास? मुंगये?"

"मांजाराचा काय घेवन बसलंस? तां आपणच जाता, आपणच येता."

"कुलपातसून येता?"

कोणीतरी मागे हसलं. त्यामुळे मला आणखी चेव आला. मी म्हटलं, "काका, देवान काय सांगितल्यान? गावात जीव ठेवू नको म्हणान सांगितल्यान ना? मगे तीन जीव आत आसत. देवाचो हुकूम कोणी मोडलो? आता जावन त्यांका भायर काढूक इचारतंय ती मी, का कुलूप घालणारे?"

काकांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. उत्तर नसलं की माणूस नियमाच्या मागे जाऊन उभा राहतो. ते म्हणाले, देवाला विचारल्याशिवाय मी हो म्हणू शकत नाही. आणि देवाला विचारायचं तर देऊळ गावात. गावात जाता येत नाही म्हणून विचारता येत नाही, विचारता येत नाही म्हणून जाता येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथेच किंचाळावंसं वाटलं.

नवरा आमच्या खोपीत होता. सगळं त्याच्या कानावर गेलंच होतं. तो मला म्हणाला, "जातंस तर जा. पण माका सांगान जाव नको." मला त्याचाही राग आला. भावकीशी वैर नको, मानकऱ्यांशी वैर नको, बायकोशीही नको, असा त्याचा स्वभाव. मी त्याला काही न सांगता, म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणेच, तडक निघाले.

दुपारची जेवणं उरकली होती, निम्मा माळ आडवा झाला होता. मी जावेच्या खोपीपाशी गेले, सुंभ सोडला आणि मांजरीला करंडीत घालून वरून पदर टाकला. जाऊ धडपडत उठली. "वयनी, तां आमचां मांजार!"

"आणि पिल्लां कोणाची?" मी म्हटलं आणि चालू लागले.

व्हाळाचं पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडे आमचा गाव. भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल, कारण राग इतका होता की भीतीला जागाच नव्हती. सगळी दारं बंद, अंगणात वाळत घातलेलं काही नाही, एकही रेडिओ नाही. देवळासमोर आले तेव्हा लांबूनच हात जोडले. म्हटलं, तुझं काम करायला आले आहे, राग आला तर माझ्यावर काढ, पिल्लांवर नको. करंडीतली मांजरी आता ओरडत नव्हती. तिला रस्ता कळला होता.

मांगराशी येताच तिने उडी टाकली आणि दाराच्या फटीत पंजा घालून खरवडायला लागली. आमच्या पडवीत पहार असते, ती मी आणली. माझ्या हातांना खवणी आणि विळीची सवय, पहारीची नाही. कोयंडा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा लाकडासकट उखडून आला. तो आवाज रिकाम्या गावात केवढा झाला असेल. माळावर नक्की ऐकू गेला. नंतर सगळ्यांनी ऐकू आला नाही असं सांगितलं.

दोन गेली होती, राखाडी दोन्ही. मुंग्या लागल्या होत्या. मुंग्यांना कोणी वेशीबाहेर नेलं नव्हतं. याहून जास्त आत्ता लिहीत नाही. पांढरं पिल्लू आंब्याच्या पेटीत पेंढ्याखाली होतं. मी उचललं तेव्हा वाटलं हेही गेलं, इतकं ते हलकं आणि गार होतं. मग त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसतं तोंड उघडलं. मी तिथेच पेंढ्यात बसले आणि रडले. दुःखाने कमी, संतापाने जास्त. मांजरी आधी त्या दोघांना चाटत होती. पांढऱ्याला मी तिच्या पोटाशी धरलं तेव्हा कुठे आडवी झाली.

दोघांना मी आमच्या परसात कण्हेरीखाली पुरलं. गावपळणीत जमीन खणायची नसते. तेही झालं.

मांजरी नि पिल्लू करंडीत घालून परत आले तेव्हा व्हाळाच्या काठावर बरीच माणसं उभी होती. कोणी ओरडलं नाही. मला वाट देण्यासाठी बाजूला झाली, जरा जास्तच बाजूला. काका म्हणाले, "न्हावन ये आधी." मी व्हाळात अंघोळ केली. त्यानंतर आमच्या कळशीतलं पाणी कोणी घेतलं नाही. भजनाच्या रात्रीच्या प्रसादासाठी भाजी चिरायला बसले तर एकीने गोड बोलून विळी काढून घेतली. पिल्लू मांजरीच्या पोटाशी माझ्या जुन्या लुगड्यावर पडून होतं. नवरा दर थोड्या वेळाने वाकून बघायचा आणि म्हणायचा, "पिता गो पिता." पण सगळ्यांसमोर नाही.

चौथ्या दिवशी कौल. कौल डावा झाला असता तर मुक्काम लांबला असता आणि तो का लांबला हे विचारायला कोणी देवळात गेलं नसतं, सगळे माझ्याच खोपीकडे बघत होते. कौल पहिल्याच खेपेला उजवा झाला. माळावर आनंद झाला. पण काही चेहऱ्यांवर जराशी निराशाही होती, ती मी पाहिली.

आणि मग ती गंमत झाली. गंमत म्हणते, पण आजही आठवलं की कानशिलं तापतात. देवाने उजवा कौल दिला म्हणजे नियम मोडला नव्हता. नियम मोडला नव्हता म्हणजे आत कोणी गेलंच नव्हतं. मग पिल्लू जिवंत कसं? देवाने राखलं. आठ दिवसांत गावभर झालं, बंद मांगरात, अन्नपाण्याशिवाय, देवान राखल्यान हो. तोच पत्रकार पुन्हा आला. आमच्या पडवीत त्याने पिल्लाचं चित्रण केलं. मी त्याला अथपासून इतिपर्यंत सांगितलं, पहारसुद्धा दाखवली. वाहिनीवर दाखवताना त्याने माझा एक शब्द ठेवला नाही. पिल्लू दिसलं आणि मागून काकांचा आवाज, श्रद्धेचं सामर्थ्य वगैरे.

मग दर्शनाला रीघ. वाटीतून दूध, पेढे, एका बाईने तर कुंकवाचा करंडा उघडला आणि पिल्लाच्या कपाळाला बोट लावणार तेवढ्यात मी तिचा हात धरला. म्हटलं, ते मांजर आहे, चाटून पोटात जाईल. ती दुखावली. काका स्वतः येऊन हळूच सांगून गेले, "कोणी इचारल्यान तर वेशीभायर गावलां म्हणान सांग. नायतर देवान राखल्यान म्हण. पण तां पहारीचा रवांदे." मी म्हटलं, काका, देवाने राखलं हे मला कबूल आहे. देवाने मला राग दिला म्हणून राखलं. ते चहा अर्धा टाकून गेले.

नवऱ्याने एक काम केलं. बाजारातून नवीन कोयंडा आणला आणि भावाच्या मांगराला स्वतः ठोकून दिला. पिल्लू मोठं होत होतं. रात्री नवऱ्याच्या पायाशी झोपायला लागलं. मांजरीही आमच्याकडेच राहिली. गडगा ओलांडून तिकडे ती पुन्हा गेली नाही, मांगरात उंदीर माजले तरी.

जाऊ सगळ्यात शेवटी आली. हातात वाटी, त्यांच्या गाईचं दूध, वर साय. पडवीत उभी राहून पिल्लाकडे बघत म्हणाली, "बघा वयनी, देवाक किती काळजी."

मी तिला परसात चल म्हटलं. कण्हेरीखाली मातीचा उंचवटा होता, वर मी दोन चिरे ठेवले होते, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

"ह्यां काय?"

"ह्येची भावंडां. दोन."

तिने चिऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन व्हती? माका वाटला, आसात एखादां."

म्हणजे तिने वाकून बघितलंसुद्धा नव्हतं. मग तिने विचारलं, आवाज खाली आणून, "खंय गावली तुमका? पेंढ्यात?"

"नाय," मी म्हटलं. "दाराशी. आतल्या बाजूक, उंबऱ्याक लागून. आवशीक तू दारातसून घेवन गेलंस, तेच वाटेन ती सरपटत इली."

तिच्या हातातली वाटी कलली आणि दूध तिच्या पायावर सांडलं. ती तशीच उभी होती. मी तिला बस म्हटलं नाही.